हुकूमनाम्यांची होळी

१८७५ च्या उन्हाळ्यात पारनेर, श्रीगोंदा, नगर आणि कर्जत या तालुक्यांतल्या २२ गावांत जमाव सावकारांच्या दारात जाऊन उभे राहिले. त्यांनी आधी मागितले ते कागद. कर्जरोखे, गहाणखते, वह्या आणि दिवाणी न्यायालयाचे हुकूमनामे. जिथे सावकाराने पेटी उघडून कागद हवाली केले, तिथे बहुतेक ठिकाणी प्रकरण तेवढ्यावरच मिटले. जिथे त्याने नकार दिला, तिथे दारे फुटली, कडब्याच्या गंजी पेटल्या. कागद हाती आले की ते चौकात किंवा रस्त्यावर आणून जाळायचे, एवढाच बहुतेक ठिकाणचा कार्यक्रम होता. माणसांवर हात उचलल्याचे प्रसंग त्या मानाने फार थोडे घडले.

इतिहासात या घटनेला 'दख्खनचे दंगे' असे नाव मिळाले आहे. शाळेच्या पुस्तकात ते सावकार आणि शेतकरी यांच्यातले भांडण म्हणून येतात, आणि ते खोटे नाही. पण त्या आगीत काय जळत होते ते नीट पाहिले, तर भांडणात एक तिसरा पक्षही दिसतो. तो पक्ष म्हणजे त्या काळचे दिवाणी न्यायालय.

सुरुवात नगर जिल्ह्याच्या हद्दीला लागूनच झाली. घोड नदीच्या एका तीरावर शिरूर, दुसऱ्या तीरावर पारनेर आणि श्रीगोंदा. शिरूर तालुक्यातल्या करडे गावी काळूराम नावाच्या सावकाराने बाबासाहेब देशमुख या प्रतिष्ठित माणसाविरुद्ध सुमारे दीडशे रुपयांचा हुकूमनामा मिळवला होता. १८७४ च्या डिसेंबरमध्ये त्याच्या बजावणीत देशमुखांचे घर गेले आणि सावकाराने ते पाडायला घेतले. कर्जापायी जमीन जाणे गावाला नवे राहिले नव्हते. भरवस्तीत, सर्वांच्या डोळ्यांदेखत एका देशमुखाच्या घराचे वासे उतरवले जात आहेत, हे मात्र गावाला सहन झाले नाही. गावाने सावकारांवर बहिष्कार टाकला. त्यांच्या शेतात कोणी राबायचे नाही, त्यांच्या दुकानातून माल घ्यायचा नाही, न्हाव्याने हजामत करायची नाही, पाणी भरायचे नाही. हे लोण आसपासच्या गावांत पसरले. काही ठिकाणी गावकऱ्यांनी तसे लेखी करारही केले.

पाच महिन्यांनी, १२ मे १८७५ रोजी, भीमथडी तालुक्यातल्या सुपे गावी बाजारचा दिवस होता. बहिष्काराने जे साधले नाही ते त्या दिवशी जमावाने साधले. पुण्याचे जिल्हा दंडाधिकारी १५ मे रोजी तिथे पोहोचले, तेव्हा एक घर जळालेले होते, डझनभर घरे फोडून रिकामी केलेली होती आणि कागदपत्रे, धान्य, कापड यांच्या राखेचे ढीग रस्त्यावर तसेच पडलेले होते. पोलिसांनी ५० जणांना पकडले. नुकसान २५,००० रुपयांहून अधिक असल्याचा अंदाज दंडाधिकाऱ्यांनी कळवला, सावकार मात्र लाखाच्या वर सांगत होते. तिथून आग भीमा आणि घोड ओलांडून नगर जिल्ह्यात आली, आणि पुण्यापेक्षा नगरातल्याच अधिक गावांत पसरली. पुढे सप्टेंबरात सातारा जिल्ह्यातल्या कोकरूडपर्यंत तिचे पडसाद उमटले. गावागावांत पोलीस ठाणी बसली, लष्कर बोलावले गेले, एकंदर ९५१ जणांना अटक झाली.

ही माणसे आंधळ्या रागाने धावलेली नव्हती. 'नेटिव्ह ओपिनियन' या वृत्तपत्राने पुढच्या वर्षी त्यांच्या पद्धतीचे वर्णन दिले आहे. गावाच्या वेशीवर टेहळणीला माणसे ठेवायची, सरकारी अंमलदार येताना दिसला तर त्यांनी खबर द्यायची, आणि तोवर बाकीच्यांनी सावकाराच्या घरी जाऊन रोखे मागायचे. म्हणजे काय जाळायचे आणि का जाळायचे, हे त्यांना पक्के ठाऊक होते. राज्ययंत्रणेचा जो भाग त्यांच्या घरापर्यंत येऊन पोहोचत होता, तो कागदाच्या रूपाने येत होता. म्हणून कागद.

हा कागद इतका बलवान कसा झाला, ते समजायला थोडे मागे जावे लागते. पेशवाईतही सावकार होता आणि कर्ज होते. पण सावकाराला वसुलीसाठी गावाच्या मर्जीवर आणि पंचायतीवर अवलंबून राहावे लागे. कुळाला जमिनीवरून उठवणे त्याच्या हातात नव्हते, आणि व्याज मुद्दलाच्या वर जाऊ नये हा दामदुपटीचा संकेत लोकांच्या अंगवळणी पडलेला होता. इंग्रजी अमलात रयतवारी आली. जमीन रयतेच्या नावावर लागली, ती विकता-गहाण टाकता येऊ लागली, आणि म्हणून तिच्यावर कर्जही मिळू लागले. १८५५ मध्ये व्याजाच्या दरावरची कायदेशीर मर्यादा उठवली गेली. १८५९ मध्ये दिवाणी कार्यपद्धतीची संहिता आली आणि त्याच वर्षी मुदतीचा कायदाही. साध्या कर्जरोख्यावर तीन वर्षांच्या आत दावा लावला पाहिजे, असे त्या कायद्याने ठरवले.

हा मुदतीचा कायदा ऋणकोच्या भल्यासाठी होता. जुनीपुराणी, पिढ्यान् पिढ्यांची देणी उकरून काढता येऊ नयेत, असा त्याचा हेतू. गावात त्याचे फळ उलटे निघाले. तीन वर्षे भरत आली की सावकार कुळाला बोलावी आणि नवा रोखा लिहून घेई. थकलेले व्याज नव्या रोख्यात मुद्दल होऊन बसे. हिशेब करून पाहावा. शंभर रुपये, दरमहा दोन टक्के व्याज. तीन वर्षांनी नवा रोखा १७२ रुपयांचा. सहा वर्षांनी २९६ चा. नऊ वर्षांनी ५०९ चा. या नऊ वर्षांत कुळाला आणखी एक रुपयाही मिळालेला नसतो. दंग्यांच्या चौकशीत याहून भयंकर उदाहरणे पुढे आली. एका प्रकरणात १०० रुपयांच्या कर्जावर २,००० रुपयांहून अधिक व्याज लावलेले निघाले.

मग दावा. समन्स निघे. प्रतिवादी एखाद्या कोरडवाहू गावातला कुणबी, न्यायालय तालुक्याच्या नाहीतर जिल्ह्याच्या ठिकाणी. जायचे तर हातचे काम टाकून कोसन् कोस चालायचे, वकील द्यायचा, साक्षीदार न्यायचे, तारखा झेलायच्या. काहींना समन्स मिळतच नसे, काहींना मिळूनही ते वाचता येत नसे. सावकार म्हणे, 'तू कशाला येतोस, आपण गावातच मिटवू', आणि कूळ घरी राही. बहुतेक दावे एकतर्फी निकाली निघत. जो प्रतिवादी हजर राही त्याचीही सुटका नव्हती. न्यायाधीश विचारी, 'ही निशाणी तुझी का?' कूळ म्हणे, 'होय.' कागद सिद्ध झाला. त्या कागदामागे किती रोकड दिली, किती धान्य परत घेतले, किती व्याजाचे मुद्दल केले, हे विचारण्याचे बंधन न्यायाधीशावर नव्हते.

हे न्यायाधीश लाचखाऊ होते किंवा सावकाराचे मिंधे होते, असे म्हणण्याचे कारण नाही. ते कायद्याप्रमाणे वागत होते, आणि नेमकी तीच गोष्ट जास्त गंभीर आहे. करार करणारे दोन्ही पक्ष सारखे जाणते आणि सारखे स्वतंत्र आहेत, असे धरून केलेला कायदा पारनेरच्या माळरानावर आणून बसवला, की एका बाजूला लिहिणारा आणि दुसऱ्या बाजूला अंगठा उठवणारा असे चित्र उभे राहते. तिथे तटस्थ राहणारे न्यायालय लिहिणाऱ्याच्याच कामी येते.

हुकूमनामा झाला की दरखास्त, मग जप्ती, मग लिलाव. लिलावात बोली लावायला बहुधा सावकारच असे. याशिवाय कर्जदाराला दिवाणी तुरुंगात टाकण्याची तरतूद होती. ती प्रत्यक्षात फार वेळा वापरावी लागत नसे, कारण वॉरंटाचा धाक पुरा पडे. कैद टाळण्यासाठी कूळ आणखी एक रोखा लिहून देई. काही वेळा तर शेतकरी आपली गाडी आणि बैल सावकाराला विकल्याचा कागद करी आणि तीच गाडी, तेच बैल त्याच्याकडून भाड्याने घेतल्याची दुसरी चिठ्ठी लिहून देई. बैल गोठ्यातून हलत नसत. मालकी मात्र हललेली असे.

कर्जत तालुक्यातल्या मिरजगावच्या रयतेने नगरच्या कलेक्टरला केलेला अर्ज चौकशीच्या कागदपत्रांत आहे. त्याचा आशय आजही अस्वस्थ करतो. घरखर्च भागत नाही म्हणून आम्हाला सावकाराकडे पैसा, कपडा, धान्य मागावे लागते, आणि जाचक अटी कबूल केल्याशिवाय ते मिळत नाही. रोखीने घेणाऱ्यापेक्षा आम्हाला पंचवीस ते पन्नास टक्के चढा भाव लावला जातो. आमच्या शेतातले पीक सावकार उचलून नेतात, खात्यावर जमा करू म्हणतात, पण जमा करत नाहीत, आणि नेलेल्या मालाची पावती देत नाहीत. या अर्जातली मागणी पाहा. कर्ज बुडवू द्या, असे त्यात कुठेही नाही. हिशेब खरा ठेवा आणि पावती द्या, एवढेच आहे.

१८६० च्या दशकाने या सापळ्याला आणखी धार आणली. अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिकडचा कापूस इंग्लंडला पोहोचेना, आणि मुंबई इलाख्यातल्या कापसाला सोन्याचा भाव आला. सावकारांनी हात सैल सोडले, रयतेनेही पुढच्या पिकाच्या भरवशावर उचल घेतली. १८६५ मध्ये युद्ध संपले, भाव कोसळले, आणि सावकारांनी हात आखडता घेऊन जुन्या बाकीचा तगादा सुरू केला. त्याच सुमारास पुणे जिल्ह्यातल्या इंदापूर, भीमथडी या भागांत जमीनमहसुलाची फेरआकारणी झाली आणि सारा एकदम चढला. पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्याविरुद्ध आवाज उठवला होता.

सरकारने नेमलेल्या चौकशी आयोगापुढे हाच प्रश्न होता: दोष वाढीव साऱ्याचा, की सावकारीचा? आयोगाने मुख्य बोट सावकारी आणि कायदा यांच्याकडे दाखवले. आयोगातले ऑकलंड कॉल्विन यांनी साऱ्याच्या वाढीबद्दल वेगळे आणि कडक मत नोंदवले. सरकारला आपल्या साऱ्यावर ठपका नको होता, हे उघड आहे, आणि तेवढ्यापुरते आयोगाकडे संशयाने पाहणे रास्तच. पण नगर जिल्ह्याचा विचार केला तर एक गोष्ट नजरेआड करता येत नाही. दंगे झालेल्या नगरच्या बऱ्याच भागात नवी आकारणी अजून लागू व्हायची होती, तरी तिथली गावे पेटलीच. नदीच्या दोन्ही तीरांवर समान होते ते न्यायालय. आयोगाने नगर जिल्ह्यातल्या १२ गावांची बारकाईने पाहणी केली. सरकारी जमीन कसणाऱ्या खातेदारांपैकी सुमारे एक तृतीयांश कर्जात बुडालेले होते, त्यांचे कर्ज सरासरीने साऱ्याच्या अठरा पट होते, आणि त्यातले जवळजवळ दोन तृतीयांश जमिनीच्या गहाणावर होते.

पकडलेल्या माणसांचे फौजदारी खटले झाले, शिक्षा झाल्या. लगेच १८७६ चा दुष्काळ आला आणि दोन वर्षे माणसे-जनावरे अन्नान्न करून मेली. पुण्यात सार्वजनिक काका, म्हणजे गणेश वासुदेव जोशी, यांच्या पुढाकाराने लवाद न्यायालये निघाली. लोकांचे तंटे लोकांनीच सोडवावेत, हा त्यांचा उद्देश. १८७९ च्या फेब्रुवारीत वासुदेव बळवंत फडके यांनी बंड पुकारले, आणि त्यांच्या पहिल्या दरोड्यांतले एक गाव शिरूर तालुक्यातलेच धामारी होते. अहवाल चाळत बसलेल्या सरकारला आता घाई झाली. त्याच वर्षी थिओडोर होप यांनी व्हाइसरॉयच्या कायदेमंडळात विधेयक मांडले आणि १८७९ चा सतरावा कायदा, दख्खन शेतकरी कर्जनिवारण कायदा, मंजूर झाला. १ नोव्हेंबर १८७९ पासून तो पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या चार जिल्ह्यांत लागू झाला.

या कायद्याने न्यायाधीशाला घातलेली बंधने वाचताना जाणवते, की आगीत काय जळत होते ते कोणीतरी नीट पाहिले होते. दावा एकतर्फी उरकायचा नाही, प्रतिवादी शेतकऱ्याला बोलावून त्याची जबानी घ्यायची. निशाणी कबूल असली तरी थांबायचे नाही, व्यवहार सुरू झाला त्या पहिल्या दिवसापर्यंत मागे जायचे, मुद्दल आणि व्याज वेगळे मांडायचे, चक्रवाढ धरायची नाही. हुकूमनामा द्यायचा तर हप्ते बांधून देता येतील. कर्जाच्या हुकूमनाम्यापायी शेतकऱ्याला कैद नाही. जमीन स्पष्टपणे गहाण टाकलेली नसेल तर तिचा लिलाव नाही. मुदत तीनऐवजी सहा वर्षे, नोंदणीकृत दस्त असेल तर बारा. शेतकऱ्याने करायचा दस्त गावच्या निबंधकापुढेच लिहिला जावा. सावकाराने पावती आणि मागितल्यावर हिशेब द्यावा. मिरजगावच्या अर्जातली मागणी चार वर्षांनी कायद्याचे कलम झाली होती.

आणखी एक नवलाची गोष्ट या कायद्याने घडवली. आजवर कायम प्रतिवादी असलेले कूळ वादी होऊ लागले. आपल्या कर्जाचा हिशेब काढून मागण्यासाठी आणि गहाण जमीन सोडवण्यासाठी शेतकऱ्याला स्वतः दावा लावता येऊ लागला, आणि शेतकऱ्यांनी तसे दावे लावले. ज्या न्यायालयाचे हुकूमनामे जाळले, त्याच न्यायालयाची पायरी ते आपण होऊन चढले. दिवाणी न्यायाच्या आपल्याकडच्या इतिहासात एवढा मोठा पालट फार थोड्या वेळा झाला असेल.

चार जिल्ह्यांतल्या दुय्यम न्यायालयांवर देखरेख ठेवायला एक विशेष न्यायाधीश नेमला गेला. १८८७ मध्ये ही जागा महादेव गोविंद रानडे यांच्याकडे आली आणि १८९३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयावर नेमणूक होईपर्यंत ते या कामावर राहिले. वर्षातले कितीतरी महिने मुक्काम हलवत हिंडायचे, न्यायालयांची दप्तरे उघडायची, निकाल तपासायचे आणि चुकलेले दुरुस्त करायचे, असे ते काम. रमाबाई रानडे यांच्या आठवणींत या फिरतीची वर्णने आली आहेत. रानड्यांच्या अर्थशास्त्रीय लेखनाची चर्चा पुष्कळ होते. त्या लेखनामागे या चार जिल्ह्यांतल्या रोखे-खतांचा आणि दाव्यांचा प्रत्यक्ष अभ्यास आहे, हे मात्र क्वचितच सांगितले जाते. कायदा सावकाराचा हात धरू शकतो, पण शेतकऱ्याला बी-बियाण्यासाठी पैसा देऊ शकत नाही, हे त्यांना इथे दिसले. ग्रामीण पतपुरवठ्याची नव्याने उभारणी करण्याविषयी १८९१ मध्ये त्यांनी निबंध लिहिला, तो या अनुभवातून.

कायद्याच्या उणिवाही लवकरच उघड्या पडल्या. गहाणावर न्यायालय हिशेब मागते म्हटल्यावर सावकार थेट खरेदीखत लिहून घेऊ लागले. 'पैसे फेडलेस की जमीन परत' हे तोंडी, कागदावर मात्र कायमची विक्री. मग तोंडी पुराव्यावरून खरेदीखताआडचे गहाण शोधण्याची मुभा न्यायालयांना देणारी दुरुस्ती करावी लागली. काही सावकारांनी कर्ज देणेच बंद केले. शेतकरी नसलेले काही लोक शेतकरी म्हणवून घेत कायद्याच्या आडोशाला आले. हे सगळे खरे असूनही, दस्ताच्या मागे जाऊन पाहण्याचे न्यायालयावरचे बंधन हा या कायद्याचा गाभा टिकला. पुढे १९०० मध्ये पंजाबात शेतजमीन सावकारांच्या हाती जाऊ नये म्हणून कायदा झाला, तेव्हाही दख्खनचा अनुभव राज्यकर्त्यांच्या डोळ्यांपुढे होता.

सावकाराला पर्याय उभा राहिला तो नंतर. १९०४ मध्ये सहकारी पतसंस्थांचा कायदा झाला. १९२३ मध्ये विठ्ठलराव विखे पाटलांनी लोणी बुद्रुकला पतपेढी काढली, आणि १९५० मध्ये अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळांच्या साथीने प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना उभा केला. नगर हा सहकाराचा जिल्हा का झाला, याची उत्तरे पाटाच्या पाण्यात आणि उसात शोधली जातात. सावकाराच्या वहीचा या जिल्ह्याने घेतलेला अनुभवही त्या उत्तरात धरला पाहिजे. कारण पतपेढीच्या पासबुकावर दोन्ही बाजूंना सारखीच नोंद असते, याचे मोल कळायला आधी पावतीविना पीक गेलेले असावे लागते.

१८७९ च्या कायद्याची जागा पुढे १९३९ आणि १९४७ च्या कर्जनिवारण कायद्यांनी घेतली, सावकारीवर १९४६ चा वेगळा कायदा आला आणि आता २०१४ चा महाराष्ट्र सावकारी नियमन अधिनियम लागू आहे. परवान्याशिवाय सावकारी करणे त्यात गुन्हा आहे. पावती आणि खात्याचा उतारा देणे सावकारावर बंधनकारक आहे. कर्जापोटी खरेदीखत करून बळकावलेली जमीन परत मिळावी म्हणून सहकार खात्याच्या जिल्हा निबंधकाकडे अर्ज करता येतो. अहमदनगरचे नाव २०२४ मध्ये अहिल्यानगर झाले, पण हातउसन्या पैशांसाठी कोऱ्या मुद्रांकावर सही करणारी आणि व्याजापोटी शेत लिहून देणारी माणसे या जिल्ह्यात आजही आहेत. ज्यांच्या घरात असा कागद झाला असेल, त्यांनी लाजून गप्प राहू नये. हिशेब लेखी मागावा, तो नाकारला तर निबंधकाकडे अर्ज द्यावा, आणि गावातल्या शिकलेल्या तरुणांनी तो अर्ज लिहून द्यायला त्यांच्या शेजारी बसावे.